कालव्याची सासू

गावात सगळे तिला सासू म्हणत. कुणाची सासू, असं नवख्याने विचारलं की उत्तर ठरलेलं, कालव्याची. सकाळी काठाच्या वाटेने ती निघाली की दिसेल त्याला फैलावर घ्यायची. "ह्ये काय साचलंय? कोनी टाकलं? आन तू काय उभा राहून बघतंस?" मला घरी सासू नव्हती. सुटले बाई एकदाची, असं म्हणत मी टेमघरहून लग्न करून इथे आले होते. ती सगळी कसर या बाईने भरून काढली.

आमचा कालवा म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. बंधाऱ्यातून निघायचा, गावाच्या पाठीमागून जायचा आणि शेवटी आदिवासी पाड्यावर संपायचा. पाड्यावरची माणसं हिवाळ्यात त्या पाण्यावर वाल आणि भाजी करत. पाणी पोचलं नाही तर दाराला काटी लावून, घर बंद करून वीटभट्टीवर जात. गावातल्यांची शेतं मात्र एकेक करून गोदामांखाली गेली होती. कालव्याची गरज संपली, म्हणून लोकांनी त्याची कचराकुंडी केली. सरकारी खात्याने केव्हाच हात वर केले होते. मग सासूने पदर खोचला आणि आम्हा रिकामटेकड्यांना कामाला जुंपलं.

श्रमदान शुक्रवारी, कारण शुक्रवारी कापडाचे लूम बंद. रफीकभाई लूमवर कामाला होते आणि रोज कालव्याच्या काठाने ड्युटीवर जायचे. एकदा तिने त्यांना अडवून हातात फावडं दिलं. "अम्मा, हफ्ते में एक ही छुट्टी है," ते कळवळून म्हणाले. "मंग? बाकीचे दिवस शेठचं काम करतंस, एक दिवस अल्लाचं कर," सासू म्हणाली. आता अल्लाचं नाव निघाल्यावर माणूस बोलणार काय. तेव्हापासून ते दर शुक्रवारी गाळ काढायचे आणि दुपारी आंघोळ करून नमाजाला जायचे.

कचरा ओळखण्यात सासूचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुताच्या गुंत्याच्या रंगावरून ती कारखाना सांगायची, मिठाईच्या खोक्यावरून कुणाकडे बारसं झालं ते सांगायची. मग तो कचरा पाटीत भरून ती मालकाच्या दारात जायची. घरच्या बाईला आधी हळदकुंकू लावायची आणि नंतर पाटी पुढे करायची. "तुमचं राहिलं व्हतं आमच्याकडं." कुंकू लावून घेतलेल्या बाईला वाण नाकारता येतंय होय? एकीने मात्र नाक मुरडलं, तुम्ही विधवा, तुम्ही कसं कुंकू लावता म्हणून. सासू शांतपणे म्हणाली, "कुंकू लावायचा मना हक्क न्हाय, आन तुमची घान उचलायचा हाय?" त्या बाईने मुकाट्याने कपाळ पुढे केलं.

एका पुढाऱ्याच्या घरी हळद झाली. रात्रभर डीजे वाजला आणि सकाळी कालवा थर्माकोलच्या ताटांनी पांढराशुभ्र झाला. दुसऱ्या दिवशी लग्नात सासू आहेराच्या रांगेत उभी. हातात चकचकीत कागदात गुंडाळलेला भला मोठा खोका. नवरीला वाटलं मिक्सर. उघडल्यावर काय निघालं असेल ते सांगायला नको. पुढारी तणतणला खरा, पण त्यांच्या पुढच्या हळदीला केळीची पानं होती.

अशा बाईच्या घरातच एक दिवस घोळ झाला. तिला एक मुलगी आणि एकच मुलगा, बाळाराम. भाजी विकून वाढवलेला, आणि तिचा जीव की प्राण. त्याने आपली जमीन गोदामाला भाड्याने दिली आणि ट्रकना रस्ता हवा म्हणून कालव्यात भराव टाकला. पाणी तिथल्या तिथे थांबलं. गावाला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता बघू सासूबाई कुणाच्या दारात पाटी नेतात ते, असं जो तो म्हणू लागला.

शुक्रवारी ती आली, भरावातली माती घमेल्यात भरली आणि थेट आपल्याच घरी गेली. सुनेला कुंकू लावलं आणि घमेलं ओटीवरच्या नव्याकोऱ्या लाद्यांवर रिकामं केलं. बाळाराम धावत बाहेर आला. "आये, तुझंच घर हाय ह्ये."

"हाय ना. मंग माझी घान माझ्याच घरात नको का?"

रफीकभाईंनी दुसरं घमेलं उचललं, तिसरं मी. बघता बघता ओटीवर ढीग झाला. बाळारामचा आवाज चढला, "तुला मी पायजे का कालवा, ते एकदाचं सांग."

सासूने हातातलं घमेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "पाड्यावर वाल फुलावर आलाय रं." आणि कपडे बांधायला आत गेली.

तिचं गाठोडं घेऊन मी नाक्यापर्यंत गेले. ती मुलीकडे अंबाडीला निघाली होती. मला तिचा संतापच आला होता. "सासूबाई, जरा नमतं घेतलं असतंत तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं. तिने डोळ्यांना पदर लावला. "थांब म्हनेल वाटलं व्हतं," एवढंच बोलली आणि टेम्पोत चढली. आमच्या सगळ्यांच्या उरावर बसणारी ती बाई त्या दिवशी मला एवढीशी दिसली.

बाळारामने चार दिवसांनी रस्त्याखाली सिमेंटचे पाइप टाकून पाणी सोडलं, पण आईला फोन केला नाही. तिनेही केला नाही. दोघं एकाच मुशीतले.

पुढच्या हिवाळ्यात पाइप गाळाने बुजले आणि पाड्याचं पाणी पुन्हा तुटलं. आम्ही काठावर डोकी खाजवत उभे होतो, तेवढ्यात बाळाराम आला. इकडचं तिकडचं बोलून त्याने हळूच विचारलं, "आये काय म्हनते?"

"पाइपात गाळ साचलाय म्हणते," मी ठोकून दिलं. तिला पाइप बुजल्याची खबरसुद्धा नव्हती.

त्याने बूट काढले, विजार वर केली आणि पाण्यात उतरला. वर आला तेव्हा केसांपर्यंत चिखलाने माखला होता आणि पाणी खळाळत पाड्याकडे निघालं होतं. "सांग तिला," तो म्हणाला.

"मी कशाला सांगू? तूच जा. आणि असाच जा, हातपाय धुऊ नकोस."

पुढचं मला तिच्या मुलीने सांगितलं. दारात मोटारसायकल थांबली, तशी सासू बाहेर आली. चिखलाने भरलेल्या लेकाला तिने खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "पाड्यावर पोचलं?"

"पोचलं."

मग तिने आतून तांब्या आणला, खाली बसली आणि स्वतःच्या हाताने त्याचे पाय धुतले.