चार्ली टूचा रिपोर्ट

आमची पोस्ट बर्फात होती. पुढे उतारावर एक छोटी चौकी, तिथे दोन जवान. मी मागे रेडिओ सेटवर. चौकीवर माझा बडी, शिपाई रवींद्र बोरसे, भडगावचा. मी कोकणातला, आठवी सोडून भरती झालेला. अंधार पडायच्या वेळी स्टँड-टू असायचा, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन मोर्चात उभं राहायचं. तेव्हा मी सेटवर चौकीला, म्हणजे चार्ली टूला, रिपोर्ट मागायचो.

"चार्ली टू, रिपोर्ट. ओव्हर."

"बठ्ठं बेस शे. ओव्हर."

सगळं ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. सुभेदारसाहेबांनी एकदा ऐकलं. "बोरसे, सेट पर घर की बोली नहीं."

दुसऱ्या दिवसापासून रवींद्र आधी बटण दोनदा दाबायचा, मग हिंदीत रिपोर्ट द्यायचा. माझ्या कानात टक, टक, म्हणजे बठ्ठं बेस शे. साहेबांना वाटायचं सेट बिघडलाय. आम्हाला हसू आवरायचं नाही.

एका दुपारी उतारावरचा बर्फ खाली आला. चौकी गाडली गेली. दुसरा जवान रेशन न्यायला आमच्याकडे आलेला, तो वाचला. सगळे खणत होते, मी सेटवर हाका मारत होतो. उत्तर नाही. स्टँड-टूच्या वेळी आलं.

टक, टक.

"साब, जिंदा है!" मी ओरडलो.

रवींद्र सापडला. डॉक्टरसाहेब म्हणाले, बर्फ पडला तेव्हाच गेला. सेट त्याच्या अंगाखाली होता. सेटचा पार चुरा झाला होता.

पेन्शनवर आलो. दिवस कलला की डाव्या कानात टक, टक. रम घेतली की थांबायचं. पुढे बाटलीनेही थांबेना.

रवींद्रच्या श्राद्धाला भडगावला आलो आणि त्यांच्याच अंगणात पिऊन पडलो. त्याचे मोठे भाऊ, नाना, रागावले नाहीत. "तू मन्हा भाऊना दोस्त शे. चाल मन्हासंगे." एसटीत बसवून मला धुळ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात आणलं. डॉक्टर तोंडावर बोलले, पुन्हा प्यालात तर लिव्हर साथ देणार नाही.

तिथे वैशालीताई समुपदेशन करायच्या. दारू सोडा, असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्याच नाहीत. सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "दारू तुम्हाला काय देते?"

"शांतता," मी म्हणालो.

रावेरचा एक केळीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर हसला. "आमाले त बायकोच्या शिव्या भेटता, फौजी! तुमचा ब्रँड कोन्ता?"

सगळे हसले. मीही हसलो. मग टक-टक सांगितली. ताईंनी भास म्हणून झटकली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, नाना भेटायला आले होते तेव्हा, गोलातच माझ्यासमोर रिकामी खुर्ची ठेवली. "रवींद्र इथे बसलाय समजा. जे राहिलंय ते बोला."

भीती एकच, हे थांबलं नाही तर मी पिणार.

"चार्ली टू, रिपोर्ट. ओव्हर."

खुर्ची गप्प. ताईंनी हळू विचारलं, "सेटवरचं बोलणं संपवताना काय म्हणतात?"

"आउट. मग उत्तराची वाट बघायची नसते."

"त्या दिवशी म्हणालात?"

नव्हतो म्हणालो. ओव्हर म्हणून उत्तरासाठी थांबलो होतो. मला सेटवरून तसंच उठवून खालच्या कॅम्पला पाठवलं होतं.

"चार्ली टू. रवी, घरी सगळे ठीक आहेत. नाना इथेच आहेत. आउट."

पंख्याचा आवाज तेवढा होता. मग, टक, टक.

आउटनंतर कोणी उत्तर देत नाही. मी मान वर केली. ड्रायव्हर खुर्चीकडे टक लावून बघत होता, चेहरा पांढरा. "फौजी," तो म्हणाला, "हे कोन वाजोलं?"

नाना दाराशी उभे होते, त्यांनी फक्त टोपी काढली.

त्यानंतर तो आवाज आला नाही. मी प्यालोही नाही. ताईंनी केंद्रातच वॉचमनचं काम दिलं. गाव लांब राहिलं, पण ताईंमुळे आणि नानांमुळे जिवंत आहे. दिवस कलला की गेटवर उभा राहतो. कान आपोआप टवकारतात. काही येत नाही. मग मीच हळू आवाजात रिपोर्ट देतो.

शिपाई रवींद्र बोरसे, भडगाव. बठ्ठं बेस शे.