वैशालीच्या कार्डावरचा लाल शेरा

जिल्हा संघाच्या निवडीला आठ दिवस उरले असताना, गोळाफेकीत हमखास निवडली जाणार अशा मुलीचं खाणं मी तोडलं. तेही लाल पेनाने, सही-शिक्क्यानिशी. असला पराक्रम करायला डॉक्टरच व्हावं लागतं.

वीसेक वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या आणि आसपासच्या शाळांमध्ये हेल्थ चेकअप करत असे. सकाळी कोथरूडची शाळा, दुपारी खराडीच्या पुढच्या गावातली. आता तिथे काचेच्या इमारती आहेत; तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी होती आणि मधून स्कूटीवर मी. तोंडाला स्कार्फ, पर्समध्ये कॅल्क्युलेटर, आणि रुबाब तर विचारू नका. बीएमआय म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. उत्तर वयाच्या तक्त्याबाहेर गेलं की मूल लठ्ठ. भागाकार आला म्हणजे निदान आलं, अशी माझी समजूत.

त्या गावच्या शाळेत नववीतल्या वैशालीचा आकडा तक्त्याबाहेर गेला. मी मान वर न करता तिच्या हेल्थ कार्डावर लिहिलं, 'स्थूल. दूध, तूप, भाकरी कमी.'

पोर आज्ञाधारक. काकडी आणि ताकावर राहिली. चौथ्या दिवशी मैदानात चक्कर येऊन पडली. पीटीचे शिंदे सर कार्ड घेऊन माझ्यासमोर उभे.

"मॅडम, हिला स्थूल कुणी ठरवलं?"

"तक्त्याने."

"मग तक्त्याला म्हणावं, मैदानावर ये."

तक्त्याऐवजी मी गेले. वैशालीच्या दंडाला हात लावला, तर दगड! टेप काढली. कंबर उंचीच्या निम्म्याहून बरीच कमी. म्हणजे वजन चरबीचं नव्हतं, स्नायूंचं होतं. काटा खोटं बोलत नाही, अर्धवट बोलतो. हे मी कॉलेजात शिकले होते. पासही झाले होते.

शेरा खोडला, दूध सुरू केलं. पण गेलेली ताकद चार दिवसांत कुठली यायला? निवडीत तिचा गोळा वीतभर कमी पडला. ती रडली नाही. रडले मी, परतीच्या वाटेवर. स्कार्फमुळे अब्रू राहिली.

मग टेप कोथरूडलाही नेली. काडीसारखे हातपाय आणि शर्टाची बटणं ताणणारी पोटं! शाळा, क्लास, मध्ये वडापाव, खेळ शून्य. आणि माझ्या कार्डांवर सगळे 'नॉर्मल'. गावातही तशी पोटं निघालीच. जमिनी विकलेल्या घरांत मोटारसायकल आणि वेफर्स बरोबरच आले होते.

"अहो, नॉर्मल तुम्हीच लिहिलंय ना?" एका आईने विचारलं. तिथेही लाल पेन मलाच उचलावं लागलं.

पुढच्या वर्षी वैशाली जिल्ह्याच्या संघात गेली. तिची आजी पेढे घेऊन आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने त्यात पेढाच कोंबला आणि म्हणाली,

"डॉक्टरीनबाई, म्हस घेताना आमी चार पावलं चालवून बगतो, दूध काडून बगतो, मंग बोली लावतो. तुमी पोरीला साधं 'काय खेळतीस गं' म्हनून इचारलं बी न्हाय."