पहिलं ‘नाही’ आम्ही मोजत नाही

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. धरणगावाहून रोज एसटीनं जळगाव गाठून इंग्रजीत बी.ए. केलं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

पुढं धुळ्यात एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवायची जागा निघाली. मला ती हवीच होती. डेमोच्या आधी क्लासच्या सरांनी केबिनमध्ये बसवून विचारलं, “टी?”

“नो, नो, थँक यू.”

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हटलं की हावरट ठरतो माणूस. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या आग्रहाला कप उचलायचा. सरांनी मान डोलावली. ट्रे आला तसा परत गेला, आणि पहाटे घर सोडलेली मी बघत राहिले.

डेमोला सर मागच्या बाकावर बसले. मी शिकवलं, मग “एनी क्वेश्चन्स?” विचारलं. सगळे वह्यांत बघायला लागले. शेवटी सातपुड्याकडच्या गावातली एक मुलगी अर्धवट उठली. इंग्रजीत दोनदा सुरुवात केली, दोनदा अडली.

मी आमच्या अहिराणीत म्हटलं, “लाजू नको माय, घरना भाषामा इचार.”

“मॅडम, पाव्हना नही म्हनना ते त्याले इंग्रजीमा आग्रह कसा कराना?”

वर्ग हसला. मी नाही हसले. बी.ए.च्या तीन वर्षांत मला असा कामाचा प्रश्न सुचला नव्हता.

“‘आर यू शुअर?’ म्हनानं. एकच डाव. मंग सोडी देवानं.”

“एकच डाव? मंग पाव्हना उपाशीच जाई ना!”

“जास ना! मी आज चहाबिगर उभी शे.”

आता सगळा वर्ग हसला, ती मुलगीसुद्धा. फक्त सर हसले नाहीत. केबिनमध्ये म्हणाले, “मॅडम, शिकवता छान. पण इथं फक्त इंग्लिश. ती शेतातली भाषा बंद करा, उद्यापासून या.”

“नाही.”

“अहो, विचार करा. चांगली जागा आहे.”

“केला विचार. नाही.”

“बघा बरं, अजून सांगतो...”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. टेबलावर इंग्रजी पाटी लावली होती, तरी माणूस आमच्याच मुलखाचा. माझं पहिलं ‘नाही’ त्यांनी धरलंच नव्हतं, दुसरंही नाही.

“सर, त्या मुलीचा प्रश्न अहिराणीत होता म्हणून तो आला तरी. अहिराणी बंद केली तर ती गप्प बसेल आणि फी भरत राहील. मला तसं शिकवायचं नाही. हे तिसरं ‘नाही’. आता धरा.”

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग उपकार केल्यासारखं म्हणाले, “खेड्यावरच्या पोरांची बॅच घ्या मग, तिथं बोला तुमची भाषा. मागची खोली आहे, पंखा नाही.”

“घेते.”

“पहिल्याच वेळेला हो?”

“हो. आणि चहा सांगा, सर.”