टेकडीवरचा मोर

टेकडी चढताना आमचा एक नियम आहे. दम लागला, असं कुणी म्हणायचं नाही. जिला थांबायचं असेल तिने नुसतं "अगं, तो पक्षी बघ" म्हणायचं, की आम्ही तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी जवळचा दगड बघून बसतो. पक्षी असतोच असं नाही. तो कुठेय, हे कुणी विचारतही नाही.

शाळेत असताना याच वाटेने आम्ही परकर खोचून पळत वर जायचो आणि पोचल्या पोचल्या पळत खाली यायचो. तेव्हाची वाऱ्यावर उडणारी शैलाच्या वेणीची रिबन आठवते, पण वाट काही केल्या आठवत नाही. वळणावर पळस आहे, हे मला थांबायला लागल्यावर कळलं.

काल अर्ध्या चढावर लता ओरडली, "अगं, मोर!"

आम्ही दोघी लगेच बसलो. मी पाण्याची बाटली उघडली, शैला गुडघा चोळायला लागली.

"खरा मोर गं!"

"हो हो, तूही बस जरा," शैला म्हणाली.

आम्ही मान वर केली तेव्हा करवंदीच्या जाळीत पिसाऱ्याचं टोक तेवढं शिरताना दिसलं. मग इतक्या हसलो, इतक्या हसलो की शैला छातीवर हात ठेवून म्हणाली, "थांबा गं, मला दम लागलाय."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी ते बोललं होतं. आमचं हसू थांबलं.

लताने रिकाम्या जाळीकडे बोट दाखवलं. "तो बघ, परत आला."

आम्ही तिघीही बराच वेळ तिकडे बघत बसलो.