डब्याखालचं परिपत्रक

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. विद्यापीठात आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्या त्या बाई मला एकदाच भेटल्या.

आमच्या घाटकोपरच्या कॉलेजात परिपत्रकं मेलवर येतात आणि वर अकरा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर. त्या ढिगाऱ्यात विभागाच्या मान्यतेच्या अर्जाचं परिपत्रक मी वाचलंच नाही. कळलं तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. मान्यता गेली तर माझ्या विभागातल्या तिघांच्या नोकऱ्या जाणार होत्या. रिक्षा करून तडक विद्यापीठ गाठलं.

बाई ओल्या स्पंजवर बोट टेकवत पाकिटं मोजत होत्या. माझं रडगाणं ऐकून त्यांनी शांतपणे जेवणाचा डबा उचलला. खाली तेच परिपत्रक होतं आणि त्याला टाचलेलं शुद्धिपत्रक. अर्जाचा नमुना बदलला होता, मुदत पंधरा दिवस वाढली होती.

"ओ सर, परिपत्रक आल्या आल्या नाय वाचायचं. लोणच्यासारखं चार दिवस मुरू द्यायचं. शुद्धिपत्रक येतंच."

"आणि ज्यांनी वेळेत भरलं ते?"

बाईंनी हनुवटीनेच बाहेरचा बाक दाखवला. तिथे आमच्याच कॉलेजचे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख बसले होते. अकराही ग्रुपांवर रोज 'सर्वांनी नोंद घ्यावी' लिहिणारे ते सर सगळा अर्ज पुन्हा भरत होते.

मी शेजारी बसलो आणि त्यांच्याकडेच पेन मागितलं.