नांदण्यापुरती भिंत

फोन बायकोचा होता. मी पुण्याला मुलीकडं गेलेलो. "आक्का गेल्या," एवढंच ती म्हणाली. अशा वेळी माणूस विचारतो, कधी, कशानं, जवळ कोण होतं... मी विचारलं, "माशांना खायला घातलं होतं का?" बायकोला त्याचं काही वाटलं नाही, इतकी वर्षं ती आक्काबरोबर राहिली आहे. म्हणाली, "घातलं होतं. त्यांनीच. टाकीची काच पुसली, आतली फरशी सरळ केली, अन् मग जरा पडते म्हणाल्या." तेव्हापासून मी गारखेड्यातल्या या घरात नुसता फिरतोय. हॉलमधून अंगणात, अंगणातून पुन्हा तिच्या खोलीच्या दारापर्यंत, तिथून परत. बसवत नाही. आक्कावर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहा म्हणून निरोप आला, तर हेसुद्धा मी फ्रीजवर कागद ठेवून उभ्यानं लिहितोय. मुलं म्हणतात, बाबा, बसा की जरा. बसतो, आणि परत उठतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शहरात मासे पाळणाऱ्या लोकांना ती ठाऊक होती. दुकानदार ज्यांना सिक्लिड म्हणतात, ते दिसायला देखणे आणि स्वभावानं भांडखोर मासे, त्यातला कोणता कोणाबरोबर ठेवावा हे विचारायला कॉलेजची पोरं तिच्याकडं येत. ती माशाचं नाव नंतर विचारायची. आधी विचारायची, "टाकी केवढीय? आत कोपरे किती?" पोरगं गोंधळायचं. म्हणायचं, कोपरे चारच असतात ना आक्का. "ते काचंचे. माशाचे किती, ते सांग." मग कुंडीचा तुकडा कुठं ठेवायचा, दगड कसा आडवा टाकायचा, एकाला दुसरा दिसणार नाही अशी जागा कशी करायची, हे सगळं सांगून झालं की शेवटी म्हणायची, "आता आण. आता नांदतील." माशांच्या बाबतीत 'नांदणं' हा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तिच्या तोंडी तो का बसला, ते सांगायचं तर निजामाच्या राजवटीत जावं लागतं.

आमच्या बाबांचं गुलमंडीच्या अलीकडं काचेचं आणि चौकटींचं दुकान होतं. देवाच्या तसबिरी, साहेब लोकांचे फोटो, आरसे, सगळ्याला चौकट बाबांची. घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. मी पहिला. पुढं हैदराबादला जाऊन उर्दूतून बी.ए. झालो, आणि ते मी आजही पहिल्या भेटीतच सांगतो. लोक हसतात, हसू देत. तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी दरोगासाहेब राहत. शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या नहरीवर देखरेख करायची त्यांची नोकरी, ती संपली तरी हुद्दा नावाला चिकटून राहिलेला. त्यांना माशांचा शौक. बाबांनी त्यांना लोखंडी चौकटीची, शेंदूर आणि जवसाच्या तेलात मळलेल्या लुकणानं जोडलेली मोठी काचेची टाकी करून दिली होती. तिचा तळ पत्र्याचा, थंडीत त्याच्याखाली बारीक वातीचा कंदील ठेवायचा. मुंबईहून मासे डब्यातून यायचे, मनमाडला गाडी बदलून. निम्मे वाटेतच मरायचे.

आक्का सिल्लोडला दिलेली. कापसाची अडत असलेलं घर, आमच्याच जातीतलं, नात्यातून आलेलं स्थळ. बाबांनी दरोगासाहेबांचा सल्ला घेतला होता. ते म्हणाले होते, "खानदान एक, बिरादरी एक, और क्या होना मिस्त्री?" दोन वर्षांनी आक्का पंचमीला माहेरी आली आणि परत गेली नाही. मारहाण नाही, उपास नाही, सांगण्यासारखं काहीच नाही. आई खोदून खोदून विचारायची. आक्का एकच सांगायची, "तिथं मला उभं राहायला जागा नाय." आई म्हणायची, एवढं मोठं घर अन् जागा नाय? घर मोठंच होतं. पण एक चूल, तीन सुना, सासू, दोन विधवा आत्या, आणि सगळ्यांचा वावर एकाच लांबलचक ओसरीत. नवरा-बायकोचं अंथरूणही रोज वेगळ्या ठिकाणी पडायचं, जिथं सासू सांगेल तिथं. गल्ली विचारायची, पोरगी नांदायला कधी जाणार. आक्का झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची. तिचा पाय ठरत नव्हता. दरोगासाहेबांच्या बेगमनं तिला दुपारची सोबतीला बोलवायला सुरुवात केली, आणि तिथं, त्या टाकीसमोर, मी तिला पहिल्यांदा स्वस्थ बसलेली पाहिलं.

त्याच सुमाराला मुंबईहून नवे मासे आले. टाकीत आधी परी होत्या, चपट्या, पंख्यासारख्या, ऐटीत चालणाऱ्या. नवा आला तो लालभडक, अंगावर निळे ठिपके. दरोगासाहेबांनी त्याचं नाव ठेवलं याकूत, म्हणजे माणिक. त्याची मादीही बरोबर. बाबांना मुद्दाम बोलावून म्हणाले, "अब देखना, मिस्त्री. परी भी इसी खानदान की, याकूत भी इसी खानदान का. मुंबईवाला बोला, चचेरे हैं. खूब जमेगी." आणि दोन्ही एका पाण्यात सोडले. चारसहा दिवस बरे गेले. मग एका सकाळी बघतात तर परींचे पंख फाटलेले, एक मरून तरंगतेय, बाकीच्या एका कोपऱ्यात वरच्या पाण्याला चिकटून उभ्या. दरोगासाहेब संतापले. "इस हरामी को नहर में फेंको." गड्यानं जाळी आणली. बेगमजवळ बसलेली आक्का पडद्याआडून म्हणाली, "चाचा, टाकू नका. त्याच्या मागं बघा." मागं सपाट दगडावर बारीक अंडी होती, ओळीनं चिकटवलेली, आणि याकूतची मादी त्यांना पंखानं वारा घालत होती.

"त्यो वाईट नाय," आक्का म्हणाली. "त्याचं घर कुठं सुरू होतं अन् कुठं संपतं, ते तुम्ही कुणालाच सांगितलं नाय. त्याला वाटलं, सगळंच त्याचं. परीला वाटलं, कायच आपलं नाय." दरोगासाहेब तिच्याकडं... म्हणजे पडद्याकडं, बघत राहिले. मग तिनं बाबांकडून शहाबादी फरशीचा एक तुकडा टाकीच्या रुंदीचा कापून घेतला. पाणी तेवढं जाईल अशी खाली दोन बोटं फट ठेवून मधे उभा केला. एका बाजूला याकूतचा संसार, दुसऱ्या बाजूला परी. परींचे पंख हळूहळू भरून आले. पुढं तिनं नवा शिरस्ताच घातला. मोठी जोडी म्हणून मागवायची नाही, पाच-सहा पिल्लं आणायची, एकत्र वाढवायची, कोण कुणाशेजारी थांबतो ते त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं, आणि जोडी जमली की बाकीच्यांना वेगळं करायचं. दरोगासाहेब चेष्टेनं म्हणायचे, "बेटी, ये तो मेमलोगों का तरीका हो गया." आक्का म्हणायची, "मासे कुठं हिंदू का मुसलमान, चाचा. त्यांना चालतंय."

त्या थंडीत सिल्लोडहून आक्काचे सासरे आले, बरोबर दाजी, म्हणजे तिचा नवरा. बाबा घाबरलेले. चार लोकांत बोलणं व्हावं म्हणून बैठक दरोगासाहेबांच्या दिवाणखान्यात ठेवली. मी तेव्हा इंटरला, दाराशी उभा. टाकी सगळ्यांच्या मधे. सासरे बोलायला मोकळे होते. म्हणाले, "आमची काय तक्रार नाय पोरीवर. पण गावात त्वांड दाखवायला जागा राहिली नाय. नांदायची का नाय, येकदा सांगा. नाय तर आम्ही आमच्या वाटंनं." बाबांनी मान खाली घातलेली. त्यांना तिला पाठवायचीच होती. मागं माझ्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. आत पडद्यामागं आक्काला हे ठाऊक होतं. तिच्या बांगड्या वाजत होत्या, एवढंच बाहेर कळत होतं.

"मी येते," ती आतून म्हणाली. बाबांनी श्वास सोडला. "फकस्त एक खोली द्या. ओसरीतच एक भिंत घाला, तिला दार ठेवा. दाराला आतून कडी."

सासऱ्यांना आधी कळलंच नाही. मग ते हसले. "घर फोडायला निघाली का काय? कडी कुणापासनं लावायची, बाई? घरात समदी आपलीच माणसं."

"आपली हायेत म्हणूनच."

मग आक्का थेट दाजींना म्हणाली, "तुमी सांगा." दाजी मघापासून टाकीकडं बघत होते. वाईट माणूस नव्हता. "आई म्हणंल तसं," ते पुटपुटले. आता सगळे दरोगासाहेबांकडं बघायला लागले. बाबांची खात्री होती की ते म्हणतील, जा बेटी, आपलेच लोक आहेत. त्यांनीच तर स्थळ पसंत केलेलं. ते उठले, टाकीपाशी गेले, फरशीच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. सासऱ्यांना विचारलं, "शेठ, कमरा देते क्या?"

"कमरा... आता लगीच कुठनं..."

"तो फिर कैसे नांदेगी?"

उर्दूत असा शब्द नाही. दरोगासाहेबांच्या तोंडून तो असा आला की बेगम आत फिस्सकन हसल्या. सासरे उठले, पानही न खाता गेले. दाजी मात्र जिन्यावरून परत आले, पडद्याच्या दिशेनं म्हणाले, "बांधतो. भिंत बांधतो मी." आणि पळाल्यासारखे गेले.

त्यानंतरची वर्षं मला जास्त आठवतात, कारण त्या वर्षांत घरात कुणालाच चैन नव्हतं. आक्कानं त्या शब्दावर भरवसा टाकला. सिल्लोडचं माणूस बाजाराला आलं की बाबांच्या दुकानात काही तरी निमित्त काढून जायची आणि विचारायची, "भिंत झाली का?" आधी कळलं, माती आणलीय. मग, पाया काढलाय. मग कुणी सांगितलं, कमरेइतकी झाली अन् थांबली, आता तिच्यावर गोवऱ्या वाळत्यात. आक्का घरी आली, वेगळी करून घंगाळात आणून ठेवलेल्या पिल्लांचं पाणी बदललं, आणि बदललेलं पाणी परत बदललं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, मरतील की ते." बहिणींची लग्नं अडायची ती अडलीच, उशिरा झाली. आईनं त्याबद्दल आक्काला बोलून घेतलं, आणि आक्का ऐकून घ्यायची. एवढं मात्र खरं, की ती जाते म्हणाली नाही.

मी हैदराबादला असताना दाजींनी दुसरं लग्न केलं. सुट्टीत आलो तेव्हा आक्कानंच सांगितलं, दरोगासाहेबांकडं टाकीची काच पुसता पुसता. "भिंत पुरी झाली, बरं का. तिनं येतानाच मागून घेतली म्हणं." मला वाटलं आता ही फुटणार. मी म्हटलं, आक्का... ती म्हणाली, "बरं झालं. एकीला तरी दार मिळालं." आणि ओला फडका माझ्या हातात दिला. "वरची कड तू पूस. माझा हात पोचत नाय."

दरोगासाहेब पुढं मुलाकडं हैदराबादला गेले. जाताना टाकी, फरशी, मासे, सगळं आक्काला देऊन गेले. राज्य बदललं, मला सरकारी नोकरी लागली, आणि ही जागा घेऊन मी घर बांधायला काढलं तेव्हा गवंड्याला पहिली भिंत दाखवली ती आक्काच्या खोलीची. बी.ए. झाल्याचा मला अभिमान आहे हे मी वर सांगितलंच. पण खरा अभिमान त्या भिंतीचा आहे. दार तिनं स्वतः निवडलं, लावायची कडी आतून, वाजवायची बाहेरून. आणि घरातल्या सगळ्यांना एक नियम घातला, मलाही, की कडी वाजवल्याशिवाय आत यायचं नाही. माझ्या बायकोला सुरुवातीला ते लागलं. म्हणाली, नणंदेच्या खोलीत जायला कडी वाजवायची, ही कुठली रीतभात. पण त्या दोघींचं कधी वाजलं नाही. शेजारच्या घरांत भावजय-नणंदा बोलेनाशा झाल्या, आमच्या घरी संध्याकाळी दोघी एका ताटात शेंगा सोलत बसायच्या. आक्का आत गेली की आत, बाहेर आली की पुरती बाहेर.

आता मुलं म्हणतात, आक्काच्या खोलीची ती मधली भिंत काढू, हॉल मोठा होईल. सून चांगली आहे, तिनं मला विचारलं, परस्पर ठरवलं नाही. त्यांचंही बरोबर आहे, नातवंडं खेळायची कुठं. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. परवा सुनेला एकटीला विचारलं, "तुला काय पाहिजे, हॉल का खोली?" ती जरा घुटमळली. इकडं तिकडं बघितलं. मग म्हणाली, "खरं सांगू का बाबा... खोली."

मी मुलाला सांगितलं, भिंत राहील.

टाकी आक्काच्याच खोलीत आहे, सकाळी माशांना घालायला मीच जातो. सध्या टाकीत एकच जोडी आहे, लाल, याकूतच्या जातीची. फरशीच्या पलीकडं परी. दारापाशी गेलं की हात आपोआप कडीकडं जातो. वाजवतो, थांबतो. आतून "ये" असं कुणी म्हणत नाही. पण दाराच्या फटीतून दिसतं, कडीचा आवाज झाला की लाल मासा फरशीपासून निघून पुढच्या काचेला येतो आणि दाराकडं बघत उभा राहतो, आणि मग मी आत जातो.