बॉनेटखालचं चंदन

चंदनाच्या वासाने मन शांत होतं, म्हणतात. मला मात्र अजूनही त्या वासाबरोबर पेट्रोल आठवतं.

साठच्या दशकातलं मद्रास, मैलापूर, आयुधपूजेच्या, म्हणजे अवजारं-वाहनं पुजायच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशीची सकाळ. मागच्या सीटवर माझी थोरली बहीण अक्का बाळंतकळांनी विव्हळत होती आणि गाडी नुसती घरघरत होती.

"बॅटरी उतरली," अप्पा गंभीरपणे म्हणाले.

"हॉर्न तर वाजतोय की हो!" आई कडाडली.

"मग पेट्रोल नसेल."

"वास येतोय एवढा! उघडा ते पुढचं!"

आदल्या दिवशी पूजेत अप्पांनी बॉनेट उघडून, मंत्र म्हणत प्रत्येक प्लगला, वायरीला ओलं चंदन थापलं होतं. ठिणगी पडणार कुठून? आईने पदरानेच सगळं पुसून काढलं. अप्पांनी डोळे मिटले होते. तेव्हा वाटलं, प्रार्थना करताहेत; आज वाटतं, आईची नजर चुकवत होते.

गाडी सुरू झाली, अक्का दवाखान्यात वेळेवर पोचली. पुढच्या वर्षी पूजा तितक्याच थाटात झाली. बॉनेट बंद होतं.